भैंस-अक्षरवाले काकाजी

भोयर काकाजींच्या खालच्या ओठावर कायम एक काळी रेघ असायची. तंबाखूची नाही, रंगाची. चपटा ब्रश डब्यात बुडवला की तो आधी ओठावरून ओढायचा आणि मगच पाटीवर टेकवायचा, ही त्यांची सवय. ओठाशिवाय ब्रशाला धार येत नाही म्हणे. बालाघाटहून गोंदियाला जाणाऱ्या रस्त्यावर माझं फॉल-पिकोचं दुकान आणि त्याला लागून त्यांचं 'भोयर आर्ट'. मधली भिंत इतकी पातळ की ते पलीकडे खोकले तर इकडे माझ्या मशीनवरचं पातळ सरकायचं.

"काकाजी, तेलाचा रंग आहे तो. विष आहे. एक दिवस मरसान त्यानं," असं मी दुकान टाकल्या-टाकल्याच त्यांना सुनावलं होतं. मी तोंडाची फटकळ आहे. गिऱ्हाइकं टिकली आहेत ती माझ्या पिकोमुळे, स्वभावामुळे नाही.

"त मरीन नं," ते ब्रश ओठावरून ओढतच म्हणाले. "काळ्या ओठाचा मुडदा ओळखाले सोपा जाते."

मला तेव्हा हसू आलं. आता नाही येत.

पेंटर म्हटलं की रंगानं बरबटलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. काकाजी तसे मुळीच नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, रंगवलेले काळेभोर केस, डोळ्यांवर गॉगल. शिडीवर चढून दिवसभर काम केलं तरी सदऱ्यावर थेंब नाही. "पेंटरच्या कपड्याले डाग म्हणजे सैपाकिणीच्या भाजीत केस," असं म्हणत ते खाली उतरत आणि समोरच्या चहावाल्याच्या आरशात भांग पाडत. स्वतःच्या हातावर त्यांचं फार प्रेम होतं. नवी पाटी टांगली की ते रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहत, एक डोळा मिटत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, "काय भाऊ, कसं वाटून राह्यलं?" तो काही बोलायच्या आत स्वतःच म्हणत, "हौ, बेस झालं."

हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळ्या पाट्या ते लिहीत. पण त्यांचा जीव होता एका इंग्रजी अक्षरात. त्याला ते 'ओल्ड इंग्लिश' म्हणत. तुम्हीही पाहिलं असेल. काळंकुट्ट, अणकुचीदार, जाड उभ्या काठ्यांचं, एकमेकांना चिकटून उभं राहिलेलं अक्षर. मला ते वाचता यायचं नाही. एकदा मी विचारलं तर त्यांनी माझा पाटीवरचा खडू घेतला आणि माझ्याच दुकानाच्या फरशीवर शिकवणी सुरू केली.

"पाह्य माय. वर एक शंकरपाळा. मंधात एक काठी. खाली एक शंकरपाळा. झाली 'आय'. अशा दोन काठ्या जोडल्या त 'एन'. त्याच दोन खालून जोडल्या त 'यू'. तीन जोडल्या त 'एम'. सबन शंकरपाळ्याचाच खेळ आहे."

"मग 'एन' कोणता आन् 'यू' कोणता ते कळावं कसं?"

"नाही कळत," ते खुशीत म्हणाले. "तेच त मजा आहे."

एमपीच्या सीमेवरच्या आमच्या गावात मराठी बोलता-बोलता माणसं हिंदीत शिरतात आणि परत केव्हा आली ते त्यांनाही समजत नाही. 'काला अक्षर भैंस बराबर' ही म्हण, म्हणजे न वाचता येणाऱ्याला काळं अक्षर आणि म्हैस सारखीच, इथे सगळ्यांच्या तोंडी. त्यामुळे काकाजींचं हे अक्षर पाहून कोणीतरी केव्हातरी 'भैंस-अक्षर' म्हणालं आणि तेच नाव पडलं. काकाजींना राग नव्हता. उलट गिऱ्हाइकालाच विचारत, "साधं पाहिजे का भैंस?" शाळेच्या स्पर्धेतली प्रमाणपत्रं, बँडवाल्यांचा मोठा ढोल, इंग्रजी दारूच्या दुकानाचा फलक, ख्रिस्ती दफनभूमीतले दगड, ही सगळी म्हशीची कामं.

"हे अक्षर पाहाले आहे, वाचाले नाही," असं ते नेहमी म्हणत. "परमानपत्र कोनी वाचते का? चौकट करून टांगते. दफनभूमीतल्या दगडावरचं नाव कोनी वाचते का? ज्याले रडाचं आहे त्याले ते पाठ असते."

आणि याच बोलण्यातून त्यांचा नियम निघाला होता. जे वाचलंच पाहिजे, ते या अक्षरात लिहायचं नाही. एकदा बर्फाच्या कारखान्याचा मालक आला. विजेच्या डीपीच्या खोलीवर 'डेंजर' लिहून हवं होतं, आणि तेही ओल्ड इंग्लिशमध्ये, खाली कवटी. "असं लिवा का पाहूनच भेव वाटलं पाह्यजे," म्हणाला. काकाजींनी गॉगल काढला. ते गॉगल काढत तेव्हा समजायचं की आता गंमत संपली.

"तुले भेव घालाचं आहे का जीव वाचवाचा आहे? आधी ते ठरव."

मालक गडबडला. काकाजींनी त्याला लाल रंगात, ठसठशीत साध्या अक्षरात 'खतरा' लिहून दिलं आणि कवटी फुकट काढली.

आणखी एक सांगते, पुढे लागणार आहे. आमच्या दुकानांसमोर एका बंद गोदामाची भिंत आहे. काकाजींनी तरुणपणी तिच्यावर एका बिडीची जाहिरात रंगवली होती. ती बिडी केव्हाच बंद पडली. कुठल्याशा निवडणुकीच्या आधी माणसं आली आणि भिंतीला चुना फासून गेली. काही महिन्यांनी, एका दुपारी, मला चुन्यातून एक डोळा माझ्याकडे पाहताना दिसला. मी दचकलेच. मग हळूहळू नाक, मिशा, बिडी धरलेली बोटं. जाहिरातीतला तो माणूस पूर्ण परत आला.

"काकाजी, हे भुताटकी आहे का काय?"

"तेलावर चुना बसत नाही, नंदा," ते म्हणाले. "चुन्याले वाटते आपण झाकलं. थो झाकत नाही, नुसता वाट पाह्यत बसते पडाची."

अशा त्या हसत्या-खेळत्या दुकानात मुन्नू भैया आला. वैनगंगेच्या रेतीचा धंदा करणारा माणूस. त्याचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. वय जेमतेम तिशीचं, आवाज अगदी मऊ. मोठ्यानं बोलायची गरज नसलेली माणसं असतात, त्यातला. त्यानं डंपरच्या मागच्या फळीवर आपलं नाव लिहायला सांगितलं. कोणत्या अक्षरात ते काकाजींनी विचारायच्या आत त्यानं दंड पुढे केला. दंडावर कुठूनतरी गोंदवून आणलेलं तेच काळं अक्षर.

काकाजी हरखले. 'मुन्नू' इंग्रजीत लिहायचं म्हणजे एम, यू, एन, एन, यू. नुसत्या काठ्याच काठ्या, शंकरपाळेच शंकरपाळे. "हे नाव या अक्षरासाठीच जलमलं," असं म्हणून त्यांनी दोन दिवस त्या फळीवर जीव ओतला. चहावाल्यानं समोरून पाहिलं आणि ओरडून विचारलं, "काकाजी, डंपरच्या मांगं 'मम्मी' काहून लिवलं?" आम्ही सगळे हसलो. मुन्नू भैया हसला नाही. त्यानं फळीकडे बराच वेळ पाहिलं.

"पढ़ने में नहीं आता," तो म्हणाला.

"भैया, साधं लिवून देऊ का?" काकाजी चरकले.

"अरे नहीं काका। नहीं आता, तो और अच्छा।"

मग त्याच्या सगळ्या गाड्यांवर ते नाव आलं. काही महिन्यांत गावाला ते वाचायची गरजच उरली नाही. दुरून काळ्या काठ्या दिसल्या की सायकलवाले रस्त्याखाली उतरत. आया पोरांना आत ओढत. एक डंपर रेती सांडत चौकातून वळला की माझ्या दुकानातल्या बाया बोलता-बोलता गप्प होत, आणि तो गेला की ब्लाउजच्या गळ्याबद्दल पुन्हा बोलू लागत. काकाजी पूर्वीसारखे रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहत नसत. मी एकदा चिडवलं, "काय काकाजी, बेस झालं नं?" त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. ब्रश ओठावरून ओढला आणि कामाला लागले.

नंतर मुन्नू भैया नंबर प्लेटा घेऊन आला. कोऱ्या, सगळ्या गाड्यांच्या. त्याही भैंस-अक्षरातच हव्या होत्या.

मी पलीकडून सगळं ऐकत होते. काकाजी स्पष्ट म्हणाले, "नंबर नाही लिवत मी या अक्षरात. नंबर वाचाले असते." माझ्या मनात आलं, शाबास! मुन्नू भैयानं आवाज चढवला नाही. तो इतकंच म्हणाला, "रहने दो काका। अब आपका हाथ काँपता होगा। फ्लेक्सवाला कंप्यूटर से एक मिनट में निकाल देता है।"

एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. पण काकाजींना कुठे टोचायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. गावात फ्लेक्सचं मशीन आल्यापासून काकाजींचं निम्मं काम गेलं होतं, आणि त्या मशीनचं नाव काढलं की ते बोलता-बोलता अडखळत. थोड्या वेळानं पलीकडून पत्रा सरकवल्याचा आवाज आला. मी उठून गेले आणि दारात उभी राहिले.

"काकाजी, काय करून राह्यले?"

"हात कापते म्हणते माहा," ते मान वर न करता म्हणाले. "पाह्य. कापते का?"

नाही कापत. एक रेघ हलली नव्हती. आकडेसुद्धा त्यांनी असे काढले होते की तीन, आठ आणि सहा एकाच आईचे वाटावेत. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नसेल. मला मात्र त्या प्लेटांकडे पाहवेना.

माझा धाकटा भाऊ सुधीर लालबर्ऱ्याला शाळेत मास्तर आहे. रोज स्कूटरनं जाऊन-येऊन करायचा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात, संध्याकाळी परत येताना, डंपरनं त्याला मागून उडवलं. डंपर थांबला. मागे आला. सुधीर रस्त्याकडेला पडलेला होता, शुद्धीवर होता. गाडीचा मागचा भाग त्याच्या अगदी समोर आला, थोडा वेळ तिथेच घुरघुरत उभा राहिला, आणि मग निघून गेला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात पोलिसांनी त्याला नंबर विचारला. तो म्हणाला, "शंकरपाळे."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "शंकरपाळे... सगळे शंकरपाळे." शिपायानं वही मिटली. औषधाच्या गुंगीत आहे, म्हणाला. माझी आई बिचारी! तिला वाटलं लेकराला भूक लागली. दिवाळीचं फराळाचं उरलेलं होतंच, तिनं घरून डबा मागवला आणि एक शंकरपाळा त्याच्या ओठांशी नेला. तो पाहताच सुधीर असा किंचाळला की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. डबा उलटला. सगळ्या खोलीभर शंकरपाळे पसरले, आणि ते वेचता-वेचता मी एक हातात धरून तशीच बसले. माझ्या दुकानाच्या फरशीवरची खडूची काठी मला आठवली. वर एक शंकरपाळा, खाली एक शंकरपाळा.

दुसऱ्या दिवशी सुधीरनं जे दिसलं होतं ते कागदावर काढून दिलं. त्याची चित्रकला चांगली आहे. सगळ्या काठ्या, सगळी टोकं जशीच्या तशी. पोलिसांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "रेत के इतने डंपर चलते हैं दीदी, नंबर लाइए।" आणि तोवर मुन्नू भैयाच्या एकूण एक गाड्यांवर साध्या, सरकारी, नव्या कोऱ्या प्लेटा लागल्या होत्या. त्या काठ्यांमध्ये कोणता नंबर लपला आहे हे सांगू शकेल असा आता एकच माणूस होता. तो माझ्या भिंतीपलीकडे बसत होता.

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते एका पाटीची बॉर्डर ओढत होते. ब्रश ओठाला लागला आणि तिथेच थांबला. रंगाचा एक थेंब हनुवटीवर ओघळला, हनुवटीवरून सदऱ्यावर पडला. इतक्या वर्षांत त्यांच्या सदऱ्यावर मी पाहिलेला तो पहिला डाग.

"वाचता येत नाही," ते म्हणाले.

"काकाजी, तुमचं अक्षर आहे."

"माहं आहे म्हणूनच सांगतो. नाही वाचता येत. जाय तू."

मी काय-काय बोलले ते इथे लिहीत नाही. रागाच्या भरात माणूस बोलतो तसं बोलले. माझ्या भावाचा पाय गेला आणि हा माणूस मला 'जाय' म्हणतो! त्यांच्या डब्याला लाथ मारून मी निघून आले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. भिंत तीच, पण आता पलीकडून खोकलाही दबका यायचा.

दुपारच्या वेळी समोरच्या गोदामापाशी एक डंपर येऊन उभा राहायला लागला. कोणी उतरायचं नाही. इंजिन चालू. तासभर घुरघुरत उभा राहायचा आणि जायचा. माझी गिऱ्हाइकं कमी झाली. एका दुपारी मुन्नू भैया स्वतः आला आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसला. चार बाया होत्या, त्या आपापली पातळं तशीच टाकून उठून गेल्या.

"भाई कैसा है दीदी?"

मी म्हटलं, ठीक आहे.

"अच्छा है।" त्यानं माझ्या मशीनवरची दोऱ्याचं रीळ उचललं आणि दोरा बोटाभोवती गुंडाळू लागला. "आपका काम बड़ा बारीक है। सुई के इतने पास उंगली रखनी पड़ती है। ध्यान ज़रा हटा, तो गई।" दोरा त्यानं इतका आवळला की बोटाचं टोक पांढरं पडलं. मग त्यानं तो सोडला, रीळ जागेवर ठेवलं. "माँ अकेली रहती है ना घर पे, दिन में?"

तो गेल्यावर माझ्यानं मशीनचं पायडल दाबवेना. तेवढ्यात भिंतीवर पलीकडून हात आपटल्याचा आवाज आला. एकदाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आले तर काकाजी शिडीवर. त्यांच्या दुकानाची रस्त्याकडची आख्खी बाजू त्यांनी पांढऱ्या तेलरंगानं रंगवून काढली होती आणि तिच्यावर दोरी मारून सरळ रेघा आखल्या होत्या. गॉगल नव्हता. सदरा तोच, डागाचा. मी खाली उभी राहिले, पण बोलले नाही. अबोला होता ना.

ते लिहू लागले. काळ्या रंगात, हातभर उंचीची साधी अक्षरं. टोक नाही, वळण नाही, शंकरपाळा नाही. पहिलीतल्या पोरानं वाचावीत अशी. चहावाला स्टोव्ह सोडून आला, दुधवाला थांबला, बघता-बघता रस्त्यावर गर्दी झाली. अक्षर पुरं झालं की गर्दीतून कोणीतरी ते मोठ्यानं वाचायचं, मग पुढचं व्हायची वाट पाहायचं.

'सुधीर मास्टर को जिस डंपर ने मारा, उसका नंबर', एवढं झालं आणि पुढे उभे असलेले दोन पावलं मागे सरकले. काकाजींनी ब्रश बुडवला, ओठावरून ओढला आणि एमपी पन्नासपासून सुरू करून आकड्यामागून आकडा लिहिला. आता वाचायला कोणाचाही आवाज फुटत नव्हता. मीच वाचला. मोठ्यानं, सगळाच्या सगळा. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. 'यह नंबर मेरे ही हाथ का लिखा है। भोयर पेंटर।'

ते खाली उतरले तेव्हा हात खरंच कापत होते. माझ्याजवळ आले.

"त्या दिवशी वाचता आलं होतं मले," ते म्हणाले. "भेलो मी. भल्ला भेलो. जिंदगीभर म्हणलं का भेव घालाचं का जीव वाचवाचा ते ठरव, आन् मीच नाही ठरवलं." मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "आज वाचाले लिवलं."

मी रस्त्याच्या मधोमध, सगळ्या गावासमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

त्या भिंतीचे फोटो दुपारपर्यंत प्रत्येक मोबाइलमध्ये पोहोचले. मग पोलिसांना गप्प बसणं जमेना. तो डंपर लालबर्ऱ्याच्या एका बंद राइस मिलच्या मागे, ताडपत्रीखाली सापडला. बंपरला सुधीरच्या स्कूटरचा निळा रंग तसाच लागलेला होता. ड्रायव्हरला धरलं. मुन्नू भैयाला नोटीस गेली. आम्हाला वाटलं, सुटलो.

आठवडाही झाला नसेल. काकाजी बाजारातून सायकलनं येत होते. भर संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, दोघांनी त्यांना खाली पाडलं. डोक्याला हात लावला नाही, पाठीला लावला नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी दगडावर ठेवून ठेचली. ज्यांनी पाहिलं त्यांनी काही पाहिलं नाही.

कोर्टात ते प्लास्टरमधला हात गळ्यात घालून उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते. समोरच्या बाजूच्या वकिलानं सुधीरचं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि आमच्याकडे पाहून हसत विचारलं, "आपका तो हाथ ही नहीं रहा। आप कैसे कह सकते हैं कि यह आपका लिखा है?"

"साहेब," काकाजी म्हणाले, हिंदीत बोलायचं ते विसरलेच, "लिवाले हात लागते. वाचाले नाही लागत." आणि त्यांनी आकडा न आकडा वाचून दाखवला.

मग त्यांची मुलगी त्यांना गोंदियाला घेऊन गेली. मी भेटायला गेले होते एकदा. खाटेवर उशीला टेकून बसले होते. केस रंगवले नव्हते, पांढरे झाले होते. पण मी पाहत राहिले ती त्यांच्या ओठाकडे. काळी रेघ नव्हती. इतके महिने ब्रश लागला नव्हता, ओठ लहान मुलाच्या ओठासारखा स्वच्छ झाला होता. मला ते पाहवलं नाही. मी पिशवीतून संत्री काढण्याच्या निमित्तानं मान खाली घातली.

"काय व नंदा, भिंत कशी आहे माही?"

मला सांगायचं नव्हतं, पण खोटं बोलता येईना. दुकान बंद पाहून माणसं आली होती आणि भिंतीला चुना फासून गेली होती. नंबर गेला, नाव गेलं, सगळं पांढरं.

"चुना?" त्यांनी विचारलं. "तेलावर?"

आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मुलगी आतून पाणी घेऊन धावली. त्यांचं ते शेवटचं हसणं मी पाहिलं. थंडी सुरू व्हायच्या आत ते गेले. फुप्फुसांत पाणी झालं होतं म्हणे. मुडदा ओळखायला सोपा जाईल म्हणाले होते, तसं काही झालं नाही. मला तो चेहरा अनोळखीच वाटला.

केस अजून चालू आहे. तारखा पडतात. मुन्नू भैया बाहेर आहे. त्याच्या नव्या डंपरांवर आता कंप्यूटरवर काढलेले स्टिकर आहेत, त्याच काळ्या अक्षरात, तिथे कोणाच्याही हाताची गरज नाही. आमच्या घरी दिवाळीत आता शंकरपाळे होत नाहीत. आई कणीक भिजवते, लाटते, आणि चिरणं हातात घेतलं की थांबते. दुपारचा डंपर अधूनमधून येऊन उभा राहतो. मी मशीन चालवत राहते. बोट सुईजवळच ठेवावं लागतं.

दव पडायला लागलं आणि काकाजींच्या भिंतीवरचा चुना फुगला. मग पोपडे सुटले. आधी एमची एक काठी दिसली, मग पन्नासातला पाच. सुधीर कुबडी घेऊन रोज सकाळी तिथवर चालत येतो, आणखी किती दिसतंय ते पाहतो आणि परत जातो. नंबर पुरा दिसायला लागला की माणसं येतात, चुना फासून जातात. पुन्हा पोपडे सुटतात.

परवा चुना मारायला नवीनच माणूस आला होता. परगावचा असावा, काही माहीत नसलेला. बादली खाली ठेवून त्यानं भिंत नखानं खरवडली, वैतागून माझ्या दाराशी आला आणि विचारलं, "दीदी, ये नीचे से बार-बार क्या निकल आता है?"

समोर डंपर उभा होता, इंजिन चालू. मी मशीन थांबवलं.

"पढ़ लो भैया," मी म्हटलं. "पढ़ने के लिए ही लिखा है।"